मिसेस लिनचं कॅलेंडर

बायको मरियमबी गेल्याला चौथा महिना लागला, तरी अलीमियाँच्या डोळ्यांतून टिपूस गळलं नव्हतं. लोक त्याला सबर म्हणत. आखातातल्या उम्म अल कुवैनच्या मशिदीत भेटणारे कोकणातले चार जण पाठीवर हात ठेवून "मोठ्या हिमतीचे आहात" असं सांगत, आणि अलीमियाँ मान हलवत. हिंमत वगैरे काही नव्हती. दाढेला सुई मारल्यावर गाल आपला असूनही आपला वाटत नाही, तसं त्यांचं सगळ्याच बाबतीत झालं होतं. भूक लागली की जेवत, अजान झाली की उठत, आणि सकाळी सात वाजता इंडस्ट्रियल एरियातल्या छापखान्यात जाऊन आपल्या टेबलाशी बसत.

मे महिन्यात मरियमबी बहिणीच्या, बदरुन्निसाच्या, मुलीच्या लग्नासाठी दापोलीकडे गावी गेली होती. लग्न झालं, पण भाताची लावणी आटपूनच येते म्हणाली आणि राहिली. चोवीस जुलैला, गुरुवारी दुपारी, छापखान्यात मेव्हण्याचा फोन आला. विहिरीच्या कठड्याशी बसली आणि तशीच कलंडली, एवढंच त्याला सांगता आलं. अलीमियाँ "बरं" म्हणाले. फोन ठेवला. टेबलावर छपाईची एक फिल्म अर्धी कापलेली होती, ती त्यांनी पट्टी धरून शेवटपर्यंत सरळ कापली, आणि मगच मॅनेजरच्या केबिनमध्ये गेले.

त्याच दिवशी संध्याकाळी, मगरिबच्या नमाजाआधी दफन झालं. अलीमियाँ आणि त्यांची लेक सबा चौथ्या दिवशी गावी पोचले. बारा दिवस राहिले. कबरीवरची माती पावसानं खचली होती, तीवर अलीमियाँनी नवी माती ओढली, दुवा मागितली, पाय धुतले. बदरुन्निसा त्यांच्याकडे बघत राहिली आणि मग सबाला जवळ घेऊन म्हणाली, "तुझा बाप दगड झालाय गं."

सबा एकोणीस वर्षांची. जन्म इथलाच, शाळा इथलीच. अजमानला एका दातांच्या दवाखान्यात ती रिसेप्शनला बसायची. गावाहून परत आल्यापासून घरात बापलेकीचं बोलणं म्हणजे "जेवलीस?" आणि "यस, अब्बा" एवढंच राहिलं होतं. एकदा मात्र सप्टेंबरात, चाळिसावा गावी परस्पर उरकल्याचा फोन आला तेव्हा, ती तडकून म्हणाली होती, "अब्बा, डू यू इव्हन मिस हर?" अलीमियाँनी खूप विचार केला होता. मग ते भांडी घासायला उठले होते.

मिसेस लिन ऑक्टोबरच्या शेवटी आली. अजमानला तिचं भांड्याकुंड्यांचं ठोक दुकान होतं. गिऱ्हाइकांत बरेच चिनी, शिवाय उम्म अल कुवैनच्या कपड्यांच्या कारखान्यात शिवणकाम करणाऱ्या दोनेकशे चिनी बाया. त्यांना वाटायला तिला नव्या वर्षाचं कॅलेंडर छापायचं होतं. छापखान्याचा मॅनेजर संजय मूळचा सांगलीचा. दोन वर्षांपूर्वीच त्यानं कॉम्प्युटर आणले होते. पण चिनी अक्षरं त्या कॉम्प्युटरला येत नव्हती. तेव्हा हे काम हातानं चिकटवूनच करावं लागणार, म्हणून तो तिला अलीमियाँच्या टेबलापाशी घेऊन आला.

"चाचा, यह मॅडम का जॉब आप ही कर सकते हैं," तो तिला ऐकू जावं म्हणून हिंदीत म्हणाला, आणि मग मराठीत, "जरा नीट बघा. मला तर यातलं ओ की ठो कळत नाही."

मिसेस लिन पन्नाशीची, बुटकी, केस कानापर्यंत कापलेले. दुकानातल्या पोऱ्यांकडून उचललेली हिंदी आणि थोडं इंग्रजी असं मिसळून बोलायची. तिनं पाकिटातून एक जुनं, पिवळं पडलेलं कॅलेंडर काढलं. वर मधोमध एक गोल चक्र, चक्राच्या कडेनं आठ चिन्हं. प्रत्येक चिन्ह म्हणजे एकावर एक तीन आडव्या रेघा. काही रेघा अखंड, काही मधून तुटलेल्या. खाली बारा महिने. तीच आठ चिन्हं तिनं कुठूनशी मोठी करून, चकचकीत कागदावर फोटो काढून आणली होती, एकेक सुटी कापलेली.

"देखो," ती म्हणाली. "इसका पाँव अंदर. सर बाहर." आणि एक चिन्ह उचलून खालची रेघ चक्राच्या मध्याकडे करून दाखवली. प्रत्येकाच्या पाठीवर, पायाच्या बाजूला, तिनं पेन्सिलीनं बारीकशी खूण केली होती.

"हां," अलीमियाँ म्हणाले. त्यांनी ऐकलं होतं. समजलंही होतं.

असं काम त्यांनी सोळा वर्षं केलं होतं. सुट्या तुकड्यांना रबर सोल्यूशन लावायच्या आधी ते फिकट निळ्या पेन्सिलीनं दर्शनी बाजूवर पाय-डोक्याची खूण करत. तो निळा रंग छपाईसाठी फोटो काढणाऱ्या कॅमेऱ्याला दिसत नाही, माणसाला दिसतो. हाताला ती सवयच होती. पण त्या दिवशी त्यांनी आठही तुकडे पालथे घातले, सरसकट सोल्यूशन फासलं, आणि पाठीवरच्या खुणा त्याखाली पुसल्या गेल्या. मग त्यांनी एकेक उचलून चक्रावर लावला. मधे एकदाही हात थांबला नाही. पाय बाहेर, डोकं आत, आठच्या आठ.

प्रूफ बघायला मिसेस लिन आली तेव्हा तिच्या दुकानात कंटेनर उतरत होता, ती घाईत होती. तिनं चक्राचं वरचं चिन्ह पाहिलं, खालचं पाहिलं, मग तारखांवर बोट फिरवलं आणि सही केली. दीड हजार प्रती छापल्या गेल्या. वर टिनाची पट्टी, लटकवायला कडी, सगळं व्यवस्थित झालं.

आठवड्याभरानं ती एक प्रत गुंडाळून घेऊन परत आली.

आरडाओरडा तिनं केला नाही. केबिनमध्ये बसली, कॅलेंडर उलगडलं आणि म्हणाली, "चार गलत." संजयनं फाइल काढून तिची सही दाखवली. "मॅडम, अ‍ॅप्रूव्ह तो आपने ही किया है. यू साइन्ड." तिनं फाइल जवळ ओढली. "यस. माय साइन," ती म्हणाली. "मैंने ऊपर देखा, नीचे देखा. ऊपर-नीचे ठीक. बीच का गलत."

संजयनं अलीमियाँना हाक मारली. ते आले, कॅलेंडर पाहिलं, मग पिवळं पडलेलं जुनं पाहिलं. त्यांना काही दिसेना. दोन्हीकडे रेघाच रेघा. तेव्हा मिसेस लिन उठली आणि त्यांच्या टेबलाशी जाऊन बसली. टेबलाच्या काचेखालचा दिवा लागलेला होता. तिनं कापलेल्या फिल्मच्या काळ्या पट्ट्या गोळा केल्या आणि काचेवर मांडू लागली.

"ये साल," ती म्हणाली. "सूरज का साल. चाँद का नहीं. समझा?"

"समझा."

"सूरज एक चक्कर. आठ टुकड़ा. एक टुकड़ा पैंतालीस दिन." तिनं बोटांवर मोजून दाखवलं. प्रत्येक तुकड्यात पंधरा-पंधरा दिवसांची तीन पर्वं, म्हणजे वर्षाची चोवीस. पेरायचं कधी, कापायचं कधी, थंडी कधी बसेल, सगळं त्यावर. तिचे वडील तिकडे चीनमध्ये फूच्यानकडे शेती करायचे, त्यांच्या घरात घड्याळ नव्हतं, पण हे चक्र होतं. अखंड रेघ म्हणजे ऊन, तुटकी म्हणजे गारवा. आणि रेघ नेहमी खालून येते, झाड येतं तशी.

मग तिनं खाली एक अखंड पट्टी ठेवली, वर दोन तुटक्या. "ये मार्च. इक्कीस तारीख. दिन-रात बराबर. जमीन के नीचे आवाज, ऊपर अभी ठंडा. बिजली, गड़गड़! वसंत." तिनं तेच उलटं केलं, अखंड पट्टी वर गेली, तुटक्या खाली. "अब ये पहाड़. पहाड़ मतलब रुको. ये फेब्रुवारी का है. तुमने मार्च में रुको लिखा, फेब्रुवारी में गड़गड़."

अलीमियाँनी काचेवर वाकून पाहिलं. मे महिन्याच्या वाऱ्याच्या चिन्हाचं आणि सप्टेंबरातल्या तळ्याच्या चिन्हाचं तसंच झालं होतं. एकाच्या जागी दुसरं जाऊन बसलं होतं. बाकीची चार मात्र कशीही धरली तरी तीच राहत होती. वरचं आगीचं चिन्ह, दोन अखंड रेघांमधे एक तुटकी, ते भर उन्हाळ्याचं. खालचं पाण्याचं, दोन तुटक्यांमधे एक अखंड, ते कडाक्याच्या थंडीचं. ती दोन पाहूनच तिनं सही केली होती.

"गर्मी ठीक, सर्दी ठीक," मिसेस लिन म्हणाली. "इधर तो वही दो है. लेकिन वो बाई लोग घर से आया है. वो देखेगा."

संजय दारात उभा होता. "चाचा, तुम्ही मनावर घेऊ नका. सही आहे तिची. खलास. आपला काही संबंध नाही."

"चूक माझी आहे," अलीमियाँ म्हणाले.

"अहो, पण..."

"तिनं सांगितलं होतं, पाय आत. मी बाहेर लावले."

लाज वाटून किंवा वाईट वाटून ते बोलले नव्हते. समोर चूक दिसत होती, ती कुणाची हेही दिसत होतं. मग त्यांनीच तोड काढली. चारही चिन्हं त्याच तांबड्या शाईत, तेवढ्याच मापाची, स्टिकर कागदावर छापायची आणि चुकीच्या चिन्हांवर चिकटवायची. दीड हजार प्रती, प्रत्येकी चार. छापखान्याला वेळ नसेल तर खोकी घरी पाठवा, सुट्टीच्या दिवशी मी करीन.

संजय डोकं खाजवत राहिला. "तुमची मर्जी," तो शेवटी म्हणाला. मिसेस लिननं कॅलेंडर गुंडाळलं आणि विचारलं, "बाईस दिसंबर से पहले?"

"इन्शाल्ला."

खोकी घरी आली. हॉलमध्ये सोफ्यापासून दारापर्यंत रांग लागली. सबा दवाखान्यातून आली ती आडवी होऊन आत शिरली.

"व्हॉट इज धिस?"

अलीमियाँनी सांगितलं. तिनं उभ्याउभ्याच सगळं ऐकून घेतलं.

"म्हणजे त्या चायनीज लेडीच्या कॅलेंडरसाठी तुम्ही सहा हजार स्टिकर लावणार?"

"हो."

"आणि अम्मीच्या चाळिसाव्याला तुम्हाला लीव्ह मिळाली नाही."

रजा त्यांनी मागितलीच नव्हती. सबाला ते माहीत होतं. ती आपल्या खोलीत गेली आणि दार लावून घेतलं. अलीमियाँनी चटई पसरली, पहिलं खोकं फोडलं.

पहिला शुक्रवार त्यांनी एकट्यानं काम केलं. दुसऱ्या शुक्रवारी सबा चहाचा कप घेऊन बाहेर आली, थोडा वेळ सोफ्यावरून बघत बसली, मग खाली उतरली. "दाखवा," ती म्हणाली. अलीमियाँनी दाखवलं: कुठलं कुठं, पाय कुठला, कोपरा कसा धरायचा, अंगठ्यानं मधून बाहेर कसं दाबायचं म्हणजे फुगा राहत नाही. तिची बोटं त्यांच्यापेक्षा चपळ होती. दुपारी त्यांनी अंडी आणि खुबूस रोटी खाल्ली आणि परत बसले. बोलणं असं फारसं नाहीच.

तिसऱ्या शुक्रवारी जुम्म्याची नमाज पढून अलीमियाँ घरी आले, तर सबा आधीच बसलेली होती. खिडकीचा एसी बंद होता. डिसेंबर लागला होता. बऱ्याच वेळानं ती कॅलेंडरच्या खालच्या भागाकडे वाकली. चिनी अक्षरांखाली बारीक इंग्रजीही होतं.

"अब्बा, हे बघा. ट्वेंटी-थर्ड जुलै. ग्रेट हीट." तिनं तारखेवर बोट ठेवलं. "अम्मी गेली त्याच्या एक दिवस आधी."

"गावी तेव्हा म्हातारा पाऊस," अलीमियाँ म्हणाले.

"व्हॉट?"

"म्हातारा पाऊस. पुष्य नक्षत्राचा. त्याच्या आधी पुनर्वसूचा, तो तरणा. त्याच्याआधी आर्द्रा, मृग. सूर्य ज्या नक्षत्रात असेल त्यावर हिशेब. दरवर्षी त्याच तारखांना येतात, एखादा दिवस इकडेतिकडे."

"पण आपलं तर चाँदवर असतं ना?"

"रोजे, ईद चाँदवर. भात चाँदवर पेरलं तर उपाशी मरशील. चाँदचं वर्ष अकरा दिवस मागे मागे जातं. शेत सूर्यावर." त्यांनी एक स्टिकर उचलला. "हे तुझ्या अम्मीनं शिकवलं मला. तिच्या बापाची शेती होती, माझ्या बापाची होडी. इथं आल्यावरही सोडलं नाही तिनं. सात जूनला, बाहेर भट्टी पेटलेली असायची, आणि ही स्वयंपाकघरातून सांगणार, आज मृग लागला."

"आय रिमेंबर," सबा म्हणाली. "मला वाटायचं, मृग म्हणजे कोणी रिलेटिव्ह आहे."

तिला हसू आलं, आणि हसता हसता तिचा चेहरा वाकडा झाला. तिनं हातातलं कॅलेंडर बाजूला ठेवलं.

"अब्बा, शी टोल्ड मी."

"काय?"

"पेनचं. मंगळवारी मी फोन केला होता ना दवाखान्यातून. म्हणाली, डावा हात दुखतो, छातीवर ओझं ठेवल्यासारखं होतं. मी म्हटलं, डॉक्टरकडे जा. तर म्हणाली, अब्बाला सांगू नकोस हं, उगाच काम टाकून धावत येतील. अ‍ॅण्ड आय डिडन्ट. मी नाही सांगितलं." तिनं स्टिकरचा गठ्ठा दूर सारला. "दोन दिवस होते. तुम्ही तेव्हापासून बोलतच नाही. मला वाटलं, तुम्हाला कळलंय. यू नो अ‍ॅण्ड यू आर नॉट फरगिव्हिंग मी."

अलीमियाँच्या बोटावर स्टिकर तसाच होता. ते वाट बघत राहिले, आत काही हलतंय का याची. काही हललं नाही. पण समोर बसलेली पोर त्यांना स्पष्ट दिसली. चार महिने ती या घरात, भिंतीपलीकडे, शिक्षा ऐकायच्या तयारीनं बसली होती, आणि ते भांडी घासत होते.

ते उठले. कपाटातल्या पासपोर्टच्या पिशवीतून एक निळं पत्र काढून आणलं. मरियमबीचं, जूनमधलं, उर्दूतलं. सबाला उर्दू वाचता येत नव्हती. त्यांनी बोट ठेवून वाचून दाखवलं, "‘डावा हात अधूनमधून भरून येतो, जिना चढताना दम लागतो. सबाला कळवू नका, पोरगी घाबरेल आणि नोकरी सोडून येईल.’"

सबानं पत्र हातात घेतलं.

"मी फोनवर सांगितलं, गॅस असेल, जिऱ्याचं पाणी पी," अलीमियाँ म्हणाले. "आणि लावणी झाली की दापोलीला दाखव म्हटलं. तू दोन दिवस गप्प बसलीस. मी दीड महिना."

"दोघांनाही सांगितलं?"

"दोघांनाही सांगितलं, आणि दोघांनाही गप्प बसवलं."

"दॅट्स सो अम्मी," सबा म्हणाली, आणि मग मात्र ती रडली, गावी रडली होती त्याहून मोठ्यानं, खोक्यावर डोकं टेकून. अलीमियाँनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. बोटावरचा स्टिकर तिच्या केसांना चिकटला. तो काढायला त्यांना बराच वेळ लागला, दोन केस तुटले, आणि ती रडता रडता "आऊच" म्हणाली. तेवढ्या वेळात असरची अजान झाली.

सगळ्या प्रती अठरा डिसेंबरला पुऱ्या झाल्या. मिसेस लिननं दुकानात प्रत्येक खोक्यातली वरची, मधली आणि खालची प्रत काढून पाहिली. या वेळी तिनं चक्र डावीकडून सुरू करून पूर्ण फिरवून पाहिलं. बोटानं स्टिकरची कडा चाचपली, लागली नाही. "गुड," ती म्हणाली. एवढंच.

बावीस तारखेला, सोमवारी, ती छापखान्यात एक डबा घेऊन आली. सगळ्यात लहान दिवस, त्यांच्याकडे या दिवशी हे खातात, असं तिनं सांगितलं. आत साखरपाण्यात तांदळाच्या पिठीचे गोळे होते. अलीमियाँ डब्याकडे बघून थांबले, तेव्हा तिनंच हात हलवला. "चावल, चीनी, तिल. हलाल, हलाल." संजयनं तीन खाल्ले. अलीमियाँनी एक खाल्ला आणि दोन सबासाठी ठेवून घेतले.

त्या दिवशी सबा दवाखान्यातून लवकर सुटली. दोघं खाडीच्या काठाला गेले. ओहोटी होती, लांबवर चिखलात पांढरे पक्षी उभे होते. सबानं डबा उघडून दोन्ही गोळे खाल्ले आणि पाणीही प्यायली. साडेपाचलाच सूर्य टेकला.

"सबा," अलीमियाँ म्हणाले, "तू मागे विचारलं होतंस, मला तिची आठवण येते का."

"अब्बा, लीव्ह इट."

"मला काहीच वाटत नाही. तिचं नाही, कुणाचंच नाही. फोन आला त्या दिवसापासून. मी रडायचा प्रयत्न करून पाहिला, गावी, मोरीत जाऊन. नाही झालं. तुझ्यावर राग होता म्हणून गप्प नव्हतो. बोलायला आत काही नव्हतं."

सबा डब्याचं झाकण लावत होती. ते नीट बसेना, तिनं दोनदा काढून लावलं.

"परत वाटायला लागेल?" तिनं विचारलं.

"माहीत नाही."

"ओके," ती म्हणाली. मग, "पण सांगत जा. काही वाटत नाही, हे पण सांगत जा. मला घरात कळत नाही तुम्ही आहात का नाही ते."

"बरं," अलीमियाँ म्हणाले.

"आणि जुलैमध्ये आपण जाऊ. आत्ताच रजा टाका. जुलैमध्ये सगळेच मागतात."

"उद्या टाकतो."

थंड वारा सुटला होता. सबानं ओढणी कानावरून घेतली. मगरिबची अजान झाली तसे अलीमियाँ मशिदीकडे वळले, आणि ती डबा घेऊन बाहेर कट्ट्यावर त्यांची वाट बघत बसली.